डोळ्यातला टाका

ऑपरेशन होऊन घरी आले त्याच दिवशी मी वहिनीला लाथ मारली. ती बिचारी थेंब घालायला आली होती आणि बाटलीचं टोक पापणीला टेकलं. टेकवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. मला काही दिसलं नाही, नुसतं टोचलं, आणि पाय आपोआप उठला. वहिनी मागे कपाटावर जाऊन आदळली. उठली, कंबर चोळली आणि परत माझ्या उशाशी येऊन म्हणाली, "आता पाय बांधून घालू का?" बांधायला काही मिळालं नाही म्हणून ती सरळ माझ्या पायांवर बसली आणि बसूनच तिने थेंब घातले.

आमच्या घरात बोलण्याआधी हात उठतो. बाप तसा होता, दादा तसाच आहे, आणि मी तर दोघांच्या वरताण. नवऱ्याला सोडून मी माहेरी आले ती अशीच. त्याचं माझं पटलं नाही. दोघांनाही मारायची सवय आणि खोली एकच. आले ती दादाच्या शेडमध्ये ग्राइंडरवर उभी राहिले ते आजतागायत. आम्ही खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी फाटकं बनवतो. पहिलवान पाइप कापतो, दादा वेल्डिंग मारतो, मी घासून गुळगुळीत करते. पहिलवान कुस्ती कधी खेळला नाही, पण अंगाने असा आडदांड की दुसरं नाव शोभलंच नसतं.

आता डोळा गेला कसा ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ग्राइंडर चालला की लोखंडाचे कण उडतात. चष्मे आहेत, पण घासून घासून ते इतके आंधळे झालेत की लावले तर काम दिसत नाही. मग कण डोळ्यात जातो. गेला की आमच्याकडे एकच रीत. ज्याच्या डोळ्यात गेला त्याने "गेला!" म्हणून ओरडायचं. सगळी यंत्रं बंद. त्याने दारातल्या उजेडात पालथ्या पिंपावर बसायचं आणि हनुवटी वर करायची. पहिलवानाने मागून दोन्ही मनगटं धरायची, कारण माणूस कितीही शूर असला तरी डोळ्याकडे काही आलं की हात उचलतोच. आणि दादाने काडेपेटीच्या काडीवर पापणी उलटी करून, कापसाने नाहीतर चिमट्याने कण काढायचा. काढून झाला की गालावर एक चापट. "चल, कामाला लाग."

दादाला या कामाचा भारी अभिमान. आसपासच्या शेडमधली माणसंसुद्धा त्याच्याकडे यायची. आणि हात खरंच स्थिर हं, ते नाकारत नाही. त्याचा नियमच होता, डोळ्याजवळ हात असताना वरून आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही. आम्हालाही त्याने तेच शिकवलं.

तर माझ्या उजव्या डोळ्यात कण गेला, दादाने काढला, चापट मारली आणि मी कामाला लागले. दोन दिवसांत डोळा टोमॅटोसारखा लाल. मग पू झाला. बुबुळावर जखम झाली, ती भरली तेव्हा तिथे पांढरा डाग राहिला. दवाखान्यात म्हणाले, कण काढताना घाण आत गेली. दादा तिथेच कडाडला, "माझ्या हातून आजवर एकाचा डोळा गेला नाही! औषधं चुकीची दिलीत तुम्ही!" एका कंपाउंडरची कॉलर धरली त्याने. तेव्हापासून घरात कोणी तो विषय काढला की दादाचं एकच, डॉक्टरांनी घाण केली. मी काही बोलले नाही. दिसत नसताना भावाशी भांडून जायचं कुठे?

आणि माझा डावा डोळा जन्मापासूनच मंद. त्याला माणूस आणि खांब यातला फरक माणूस हलला तरच कळतो. म्हणजे सगळी मदार उजव्यावर. उजवा गेला की ग्राइंडर गेला, ग्राइंडर गेला की माझी भाकरी गेली, मी दादाच्या घरात एक बसून खाणारं तोंड उरले. मला मरण चाललं असतं, पण ते नको होतं.

मग यादीत नाव लागलं, वाट पाहिली आणि एक दिवस कोणाचं तरी बुबुळ माझ्या डोळ्यात बसलं. कोणाचं ते सांगत नाहीत. कोणा भल्या माणसाने मरताना दिलं आणि ते आलं माझ्यासारख्या मारकुट्या बाईला. नशीब एकेकाचं!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. झोपताना ही प्लास्टिकची टोपी डोळ्यावर हवीच. धुळीत जायचं नाही. आणि धक्का अजिबात नको. हे बुबुळ केसाहून बारीक काळ्या टाक्यांनी धरलंय. एक थप्पड बसली तरी उसवेल. लाल झालं, खुपायला लागलं, उजेड सोसेना, तर घरी काहीही न करता आधी माझ्याकडे यायचं."

"थप्पड कोण मारतंय हिला?" दादा म्हणाला. वहिनीला हसू आलं, मला कळलं, कारण तिने ते खोकल्यात लपवलं.

पुढचे महिने मी काय काय फोडलं त्याचा हिशेब वहिनीला विचारा. उजेड म्हणजे सुया. कोणी दार उघडलं की डोक्यातून कळ जायची. एकदा वहिनीने चुकून दिवा लावला, मी हाताला आली ती वाटी भिरकावून दिव्याचा चुराडा केला. काचा सगळीकडे. दादा आत आला, काचांवर पाय पडला आणि त्याचं डोकं फिरलं. हात उगारून माझ्यावर धावला. मी भिंतीला टेकले, दोन्ही हात डोळ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मी उलटून मारलं नाही. वारा लागला गालाला, इतका जवळ आला तो हात. मग धाडकन आवाज झाला. त्याने बुक्का भिंतीत घातला होता. गिलावा पडला.

"ही बरी होईपर्यंत मला वेड लागेल," तो वहिनीला म्हणाला.

"मग भिंतीलाच मार," वहिनी म्हणाली. "भिंत मी परत लिंपीन. तिचा डोळा मला लिंपता येणार नाही."

तेव्हापासून दादा घरात वस्तूंना मारायला लागला. कपाटाचं दार खिळखिळं झालं, खुर्चीचा पाय मोडला, पण माझ्यावर हात पडला नाही. मीही जीव मुठीत धरून राहिले. शेजारीण कचऱ्यावरून नको नको ते बोलली, तळपायाची आग मस्तकात गेली, तरी मी तिच्या झिंज्या धरल्या नाहीत. एवढं सोसायची सवय नाही मला. रात्री उशीत तोंड खुपसून ओरडायचे, तेही डाव्या कुशीवर, डोळ्याला उशी लागू नये म्हणून.

आणि हळूहळू दिसायला लागलं. आधी खिडकी उजळ झाली. मग बोटं. मग एका सकाळी वहिनी थेंब घालायला वाकली आणि मला तिचे केस दिसले.

"वहिनी! तुझे केस कधी पिकले गं?"

"तू लाथ मारलीस त्या दिवशी," ती म्हणाली, आणि बाटली तशीच हातात धरून तिने मला मिठी मारली. खुपणं थांबलं होतं. मी दारात उन्हाकडे तोंड करून बसू शकत होते. दवाखान्यातल्या पाटीवरची अक्षरं एकेक ओळ खाली उतरत चालली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उरलेले टाके सवडीने काढू, तोवर धुळीपासून लांब राहा.

लांब राहणं माझ्या रक्तात नाही. एवढे महिने घरात कोंडून मी पिसाळले होते. शेडमध्ये जाऊन नुसती दाराशी बसेन, मापं लिहून घेईन, असं म्हणून डोळ्यावर गॉगल चढवला आणि गेले. दादा मला बघून खूश झाला. दाखवलं नाही, पण पिंपावर फडकं मारून जागा करून दिली. पहिलवान तर, "ताई आल्या! ताई आल्या!" करत हातातली करवत तशीच चालू ठेवून धावत आला. त्याला मी सगळ्यात आधी शिव्या घातल्या. बरं वाटलं.

चार-आठ दिवस चांगले गेले. मग एका दुपारी गिऱ्हाईक येऊन दादाशी भांडायला लागलं, फाटक वाकडं बसलंय म्हणून. दादाने त्याला फाटकासकट बाहेर फेकायची तयारी केली होती. मी मध्ये पडायला उठले आणि उजव्या डोळ्यात खच्चकन टोचलं. पाणी धो धो वाहायला लागलं. पापणी मिटली की आत काहीतरी खरवडत होतं. समोर नवा पोऱ्या ग्राइंडर चालवत होता, ठिणग्या उडत होत्या. दुसरा विचारच डोक्यात आला नाही.

"गेला!" मी ओरडले.

काय सांगू, सवय ही अशी असते. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द मला पाठ होता, पण हात-पाय जुनेच होते. ग्राइंडर बंद झाला. गिऱ्हाईकसुद्धा गप्प झालं. मी स्वतःच्या पायांनी पिंपावर बसले, गॉगल काढला आणि हनुवटी वर केली. पहिलवानाने मागून मनगटं धरली. दादा चिमटा घेऊन आला, डाव्या हाताने पापण्या फाकवल्या. या माणसांपैकी एकाच्याही मनात माझं वाईट नव्हतं, आणि हेच सगळ्यात भयंकर होतं.

"कण नाही," दादा म्हणाला. "केस आहे. काळा. टोक वर आलंय बघ."

माझ्या डोळ्यात काळं काय आहे ते मला माहीत होतं. मी तोंड उघडेपर्यंत चिमट्याने ते टोक पकडलं होतं.

सगळं अंग म्हणत होतं, लाथ घाल. दादाच्या पोटात घाल, मागे डोकं मारून पहिलवानाचं नाक फोड. आणि मी हलूच शकत नव्हते. मी हलले तर चिमटा हलणार, चिमटा हलला तर टाका बुबुळातून ओरबाडून निघणार. जन्मभर मी मारूनच सगळं मिटवलं होतं, आणि आता मला मुंगीएवढंही हलायची परवानगी नव्हती.

"दादा," मी हळू म्हणाले. मला माझाच आवाज ओळखू आला नाही. "तो टाका आहे. सोड."

"टाका असा बाहेर असतो होय? केस आहे. हलू नकोस, एका झटक्यात काढतो."

"टाका सैल झालाय. सोड त्याला."

"मी आज डोळे बघतोय का? गप्प बस."

आणि त्याने ओढायला सुरुवात केली. जरासंच. सगळं डोकं त्या एका धाग्याला टांगल्यासारखं वाटलं. तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं, जे मी इतके दिवस गिळून बसले होते.

"मागच्या वेळीही तू असंच म्हणालास. डोळा डॉक्टरांनी नाही घालवला, दादा. तू घालवलास. तुझ्या घाणेरड्या कापसाने. सगळ्यांना माहीत आहे. वहिनीला माहीत आहे, पहिलवानाला माहीत आहे."

पहिलवानाचे हात सैल पडले. माझी मनगटं सुटली. पण दादाने चिमटा सोडला नाही. त्याचा चेहरा माझ्या तोंडावर होता, काळानिळा झालेला.

"काय म्हणालीस? मी? मी घालवला?"

आणि त्याचा हात थरथरायला लागला. त्या हाताला थरथरताना मी कधी पाहिलं नव्हतं. धाग्यातून ती थरथर माझ्या डोळ्यात उतरत होती.

मी उजव्या हाताने त्याचं मनगट पकडलं आणि माझ्या गालाच्या हाडावर दाबून धरलं, पुढे नाही, मागे नाही. ग्राइंडरवर इतकी वर्षं काढलेली पकड आहे ही, शिकंजासुद्धा मागे पडेल. मग डाव्या हाताने त्याचा अंगठा धरला आणि मागे वाकवायला लागले. झटका न देता, सळई वाकवतात तसा, सावकाश.

"सोड," मी म्हणाले.

त्याने शिवी दिली. मी आणखी वाकवला. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या तोंडावर टपटप पडला. तो ओरडला, माझ्या मेलेल्या आईबापांचा उद्धार केला, ते त्याचेही आईबाप होते हे विसरून. पण त्याने हात हिसडला नाही. हिसडला असता तर अंगठा वाचला असता त्याचा. एवढा आडदांड माणूस, एका हिसड्याचं काम. पण हात डोळ्याजवळ होता. तो दात-ओठ खात तसाच उभा राहिला आणि मी त्याचा अंगठा मोडला. कट्कन वाजला. चिमटा उघडला, धागा सुटला आणि चिमटा माझ्या मांडीवर पडला.

दादा जमिनीवर बसला. गिऱ्हाईक केव्हाच पळालं होतं. मग दादा उठला, डावा हात उगारून माझ्यासमोर आला. मी तोंड फिरवलं नाही, हात डोळ्यावर नेला नाही.

"मार," मी म्हणाले. "एकाच थपडेचं काम आहे."

हात तसाच वर राहिला. मग त्याने त्या वाकड्या फाटकाला लाथ घातली, ते भिंतीवरून सरकत धाडकन खाली आलं आणि पहिलवान मोठमोठ्याने रडायला लागला. टेम्पो चालवत तो रडत होता, दवाखान्याच्या जिन्यावरही रडत होता. तिथल्या लोकांना वाटलं, दुखणं त्याचंच आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला त्या यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि भिंगातून पाहिलं.

"या टाक्याला काहीतरी लागलंय. टोक चेपलंय. चिमटा लावला कोणी?"

दादा दाराशी उभा होता, अंगठा सुजून वांग्याएवढा झालेला, तो दुसऱ्या हातात धरून. मला सांगता आलं असतं. का कोण जाणे, तोंडातून आलं, "मीच."

मग बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अक्कल आहे का तुम्हाला? कोणीतरी मरताना दिलेली वस्तू आहे ही! किती लोक वाट बघत बसलेत! घरी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं की नव्हतं? आणखी एवढंसं ओढलं असतं तर फाटलं असतं सगळं. आंधळं व्हायचंय तुम्हाला? अशांना डोळा द्यायचाच कशाला?" मी यंत्राच्या पट्ट्याला कपाळ टेकवून ऐकत होते. एरवी मला कोणी एवढं बोललं असतं तर त्याचे दात घशात घातले असते.

"ओ बाई," दाराशी दादा म्हणाला.

"तुम्ही बाहेर थांबा."

"तिला बोलू नका." दादाचा आवाज फाटला होता. "चिमटा मी लावला. ती सोड म्हणत होती, मी सोडला नाही. आणि आधीचा डोळाही मीच घालवला होता. कापूस घाण होता. मला त्याच दिवशी कळलं होतं."

बाईंनी माझ्या डोळ्यात सुन्न करणारा थेंब घातला, काहीतरी बारीक चमकलं, आणि मला कळायच्या आत तो टाका निघाला होता. खुपणं थांबलं. त्यांनी पुन्हा भिंगातून पाहिलं, बराच वेळ.

"बुबुळ वाचलंय," त्या म्हणाल्या. "काही दिवस थेंब तासातासाला घाला, रोज मला दाखवा. आता पाटी वाचा."

मी वाचायला लागले. गेल्या वेळी जिथे अडले होते त्याच्याही खालची ओळ लागली. अक्षरं आधी नीट होती, मग विरघळायला लागली. मी घाबरले.

"बाई, रडलं तर टाक्यांना काही होतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज आता मऊ झाला होता. "रडा. फक्त चोळू नका."

मग मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले आणि मोठ्याने रडले.